घरच्या वस्तूंकडून नात्यांचे धडे

प्रभु येशू ख्रिस्तानें लोकांस शिकवितांना जीं उदाहरणें घेतलीं तीं बहुतेक घरांतलीं व शेतांतलीं आहेत. दिवा, मीठ, खमीर, ठिगळ, जूं, जाळें, माप, नाणें, हीं शुभवर्तमानांतून काढून टाकलीं तर त्याच्या शिकवणींतील किती भाग मुका होईल, हें विद्यार्थ्यांनीं एकदां स्वतः मोजून पाहावें. नासरेथच्या सुताराच्या घरीं वाढलेल्या त्या गुरूनें फार दूरचीं साधनें शोधलीं नाहींत. ऐकणारी बाई घरीं परतल्यावर जी वस्तु हातांत घेणार, तीच त्यानें तिच्यापुढें ठेवली. म्हणून प्रवचन संपलें तरी शिकवण संपली नाहीं.

हीच रीत धरून आम्ही येथें आपल्या घरांतील कांहीं वस्तु घेतों आणि माणसामाणसांतील नात्यांविषयीं त्या काय सांगतात तें पाहतों. हा विषय निवडण्यास कारण आहे. शाळेकडे येणाऱ्या पालकांच्या व विद्यार्थ्यांच्या पुष्कळ अडचणी ज्ञानाच्या नसून नात्यांच्या असतात. गणित अडलें तर शिक्षक सोडवून देतो. परंतु दोन सख्खे भाऊ सहा महिने एकमेकांशीं बोलत नाहींत, किंवा वसतिगृहांतील दोन मित्र एका खोलींत राहून परके झाले, तर त्याचें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें नसतें.

या सर्व वस्तूंचें सांगणें एकच आहे, तें आरंभींच सांगून टाकतों. नातें हें एकदां मिळून कायमचें राहणारें धन नव्हे. तें रोज हातानें राखावयाचें काम आहे. ख्रिस्ती प्रीतीचा कस प्रार्थनामंदिरांत जितका लागतो, त्याहून अधिक स्वयंपाकघरांत व ओसरीवर लागतो.

१. जातें

आज जातें बहुतेक घरांतून गेलें आहे. विजेच्या गिरणीनें बायकांचे कष्ट वांचविले, हें चांगलेंच झालें. तथापि आपल्या आज्या-पणज्यांच्या आयुष्यांतील असंख्य पहांटा जात्यापुढें गेल्या. तेथें त्यांनीं गायिलेल्या ओव्या हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनीं सहकाऱ्यांसह खेडोपाडीं फिरून जमविल्या, तेव्हां त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. माहेर, भाऊ, लेक, सासू, हे त्या ओव्यांचे नेहमींचे विषय. दळतांना बाईला नातीं आठवत, यांत नवल नाहीं. कारण जातें हेंच दोन तळ्यांचें नातें आहे.

खालची तळी स्थिर असते, वरची फिरते. खालच्या तळीच्या मध्यभागीं बसविलेल्या खिळ्यावर वरची तळी तोललेली असते, आणि दोहोंमध्यें अंतर अगदीं थोडें. तें वाढलें तर दाणा नुसता भरडला जातो, किंवा अख्खाच बाहेर पडतो. तें मुळींच नसलें तर जातें जड चालतें आणि दळणारीचे खांदे भरून येतात. पिठासाठीं जवळीक हवी, तसें किंचित् अंतरहि हवें. आईबापांनीं मोठ्या होत चाललेल्या मुलाशीं, किंवा मित्रानें मित्राशीं वागतांना हें अंतर ओळखणें म्हणजे परकेपणा नव्हे. आपल्या माणसाचें प्रत्येक पत्र वाचणें व त्याच्या प्रत्येक विचाराचा जाब मागणें यानें प्रीति वाढत नाहीं. जातें मात्र जड होतें.

यापेक्षांहि महत्त्वाची गोष्ट अशी, कीं दाणा न घालतां जातें फिरवूं नये. रिकामें जातें फिरलें कीं दगडच दगडास खातो आणि पुढच्या भाकरींत कचकच लागते. दोन माणसें कितीहि जवळचीं असोत, त्यांच्यामध्यें कांहीं दाणा लागतो: एखादें समाईक काम, आजारी शेजाऱ्याची विचारपूस, एकत्र प्रार्थना, निदान एकत्र वाचलेलें पुस्तक. तो नसला कीं तींच दोन माणसें एकमेकांस दळूं लागतात. ज्या मित्रांच्या गप्पा केवळ एकमेकांच्या उणिवांवर चालतात, त्यांची मैत्री वर्षभरांत झिजलेली आम्हीं पुष्कळदां पाहिली आहे. त्यांचा स्वभाव वाईट नसतो. जात्यांत दाणा नसतो, इतकेंच.

दळून दळून तळ्या गुळगुळीत होतात, मग त्यांस टांकी लावावी लागते. टांकीचे घाव जातें फोडण्यासाठीं नसतात. त्याची धार परत यावी म्हणून असतात. बरेंच दिवस चाललेल्या नात्यांतहि असा गुळगुळीतपणा येतो. भांडण नाहीं, तक्रार नाहीं, पण पीठहि निघत नाहीं. अशा वेळीं धीर करून, पण हातोडी सांभाळून, खरें तें बोललें पाहिजे.

जात्याविषयीं मोशेच्या नियमशास्त्रांत एक आज्ञा आहे (अनुवाद २४:६). कर्जापोटीं कोणाचें जातें गहाण घेऊं नये, जात्याची वरची तळीदेखील घेऊं नये. तसें करणें म्हणजे त्या माणसाचा जीवच गहाण घेणें होय, असा तिचा भावार्थ. एक तळी नेली तरी उरलेली निरुपयोगी, आणि उद्यांची भाकर बंद. आपणहि नात्यांत अशीं गहाणें घेतों. ऐकलें नाहींस तर बोलणार नाहीं, मनासारखें लग्न केलें नाहींस तर घराचें दार बंद, असे शब्द सहज निघतात. समोरच्याला जगण्यास जें अवश्य आहे तेंच रोखून आपली इच्छा वसूल करणें, हें त्या जुन्या आज्ञेनें निषिद्ध ठरविलेलें गहाणच आहे.

२. विरजण

पीठाच्या तीन मापांत एका बाईनें खमीर लपविलें आणि सगळें पीठ फुगून आलें, हा लहानसा दाखला मत्तयाच्या १३ व्या अध्यायांत आहे. तीन मापें पीठ म्हणजे एका कुटुंबाच्या न्याहारीहून कितीतरी अधिक. त्यांत गल्लीचें जेवण होईल. त्या देशांत आदल्या दिवशींच्या कणकेचा गोळा खमीर म्हणून राखून ठेवीत. आपल्याकडे त्या जागीं विरजण आहे. कालच्या दह्याचा एक चमचा आजच्या दुधांत जातो, आणि उद्यांसाठीं पुन्हा एक चमचा मागें राहतो. विरजण संपलें तर शेजारणीकडून मागून आणण्यांत कमीपणा कोणी मानीत नाहीं.

विरजणाचें काम आज शास्त्रानें स्पष्ट केलें आहे. त्यांतील सूक्ष्म जंतु दुधांतील साखरेचें आम्लांत रूपांतर करतात आणि त्या आम्लानें दूध घट्ट होतें. परंतु त्यांना दूध कोमट लागतें, सुमारें ४० ते ४५ अंश सेल्सिअस. उकळत्या दुधांत विरजण घातलें तर जंतु मरतात. थंडगार दुधांत घातलें तर ते काम करीत नाहींत. आणि एकदां विरजण लावलें कीं भांडें हलवूं नये; दर घटकेस झांकण उघडून ढवळणाऱ्याला दही मिळत नाहीं.

वडील माणसें, शिक्षक व मंडळीचे पुढारी यांनीं हा धडा विशेष लक्षांत घ्यावा. संतापानें उकळत असलेल्या मुलाला त्याच क्षणीं केलेला उपदेश वायां जातो. आणि ज्याच्याशीं वर्षभर गोड शब्द बोललों नाहीं त्याच्या थंड मनांतहि तो रुजत नाहीं. आधीं ऊब, मग विरजण, मग स्वस्थता, हा क्रम आहे. या तिन्हींत स्वस्थता अवघड. चांगला शब्द बोलून झाल्यावर देवावर भार ठेवून गप्प राहणें पुष्कळ आईबापांस साधत नाहीं. रात्रभर भांडें झांकून ठेवणारी गृहिणी या बाबतींत आपणां सर्वांहून अधिक श्रद्धावान् असते.

याची दुसरी बाजूहि विसरूं नये. परूशी लोकांच्या खमिराविषयीं प्रभूनें शिष्यांस सावध केलें होतें. विरजण बिघडलेलें असलें तर चांगलें दूधहि बिघडतें, आणि त्यालाहि एक चमचाच पुरतो. एका मित्राविषयीं दुसऱ्याच्या कानांत सांगितलेली अर्धवट गोष्ट सगळ्या वर्गाचें दूध एका रात्रींत नासवूं शकते.

३. सुई आणि दोरा

प्रेषित पौल तंबू बनविण्याचा धंदा करीत असे. करिंथ शहरांत तो आला तेव्हां अक्विल्ला व प्रिस्किल्ला हें समव्यवसायी जोडपें त्याला भेटलें, आणि तो त्यांच्या घरीं राहून काम करूं लागला, असें प्रेषितांच्या कृत्यांच्या १८ व्या अध्यायांत सांगितलें आहे. पुढें त्याच्या पत्रांतून या दोघांचीं नावें कृतज्ञतेनें येतात. शेजारीं बसून केलेल्या कामांत ही मैत्री शिवली गेली.

सुई कापडाला भोंक पाडते आणि दोरा तें भरून काढून दोन तुकडे एक करतो. दोरा नसलेली सुई शंभर वेळां आरपार गेली तरी शिवण होत नाहीं; कापड तेवढें सच्छिद्र होतें. सत्य हें सुईसारखें आहे आणि प्रीति दोऱ्यासारखी. "मी स्पष्टवक्ता आहें," असा अभिमान बाळगणाऱ्या माणसानें रोज संध्याकाळीं पाहावें, कीं आज किती टांके पडले आणि किती नुसतीं भोंकें पडलीं. उलट, नुसता दोराहि कापडांत शिरत नाहीं. समोरचा चुकतो आहे हें दिसत असतां केवळ गोड बोलत राहणारा मित्र दोऱ्याची गुंडी घेऊन बसला आहे, शिवीत मात्र नाहीं. म्हणूनच पौलानें इफिसकरांस लिहितांना सत्य व प्रीति यांस एकत्र ठेवलें.

आपल्या घरोघरीं गोधडी असते. आजीचें जुनें लुगडें, बापाचें विरलेलें धोतर, मुलाचा आंखूड झालेला सदरा, हीं एकावर एक घालून धावदोऱ्यानें शिवलेलीं असतात. यांतला एकहि तुकडा एकटा थंडी अडवूं शकत नाहीं. प्रभूनें सांगितलें, कीं जुन्या वस्त्रास कोऱ्या कापडाचें ठिगळ कोणी लावीत नाहीं. कोरें कापड आटतें आणि फाटलेलें अधिकच फाटतें. गोधडी करणारी बाई हें जाणते. ती धुऊन धुऊन मऊ झालेलीं कापडेंच घेते. घरांत नवी सून येते, वर्गांत नवा विद्यार्थी येतो, मंडळींत नवें कुटुंब येतें. त्यांनीं पहिल्याच दिवशीं आपल्या मापांत बसावें हा हट्ट कोऱ्या ठिगळासारखा आहे. दोन्ही बाजूंस कांहीं काळ एकत्र भिजावें व एकत्र वाळावें लागतें.

आणखी एक गोष्ट. उसवण लहान असतां दोन टांके पुरतात. राग धरून सूर्य मावळूं देऊं नये, अशा अर्थाचा सल्ला त्याच इफिसकरांच्या पत्रांत आहे. जी बाई संध्याकाळीं उजेड आहे तोंवर उसवलेलें शिवून टाकते, तिला तो सल्ला समजावून द्यावा लागत नाहीं.

४. पाण्याचें भांडें

आतां ज्या वस्तूकडे वळतों ती आपल्या देशांत सर्वांत साधी आणि सर्वांत कठीण आहे. योहानाच्या ४ थ्या अध्यायांत प्रभु भर दुपारीं दमून याकोबाच्या विहिरीपाशीं बसला. विहीर खोल होती, त्याच्याजवळ पोहरा नव्हता. पाण्यास आलेल्या शोमरोनी बाईजवळ त्यानें प्यावयास मागितलें आणि ती चकित झाली. कारण यहूदी लोक शोमरोन्यांशीं व्यवहार ठेवीत नसत. येथें लक्षांत घेण्याजोगें हें, कीं प्रभूनें त्या नात्याचा आरंभ देण्यानें न करतां मागण्यानें केला. तिच्या भांड्यांतलें पाणी पिण्यास तो तयार झाला, तेथेंच भिंत पडली. तिला जीवनी पाण्याविषयीं सांगणें हें त्यानंतरचें.

मिशनच्या संस्थांस देण्याची संवय फार. शाळा देणें, औषध देणें, कपडे देणें, हीं सर्व चांगलीं कामें आहेत. परंतु जो सदैव देतो आणि कधीं घेत नाहीं तो उपकारकर्ता होतो, भाऊ होत नाहीं. गरीब विद्यार्थ्याच्या घरीं गेल्यावर त्यानें पुढें केलेला चहा "नको, नको" म्हणून टाळणाऱ्याला वाटतें, आपण त्याचा खर्च वांचविला. पण त्या मुलाच्या मनांत दुसराच अर्थ राहतो.

पाण्याचें भांडें आपल्या समाजांत किती मोठी भिंत होतें, हें विद्यार्थ्यांनीं इतिहासांत वाचलें असेल. पुण्यांत स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले महात्मा जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं महाड येथील चवदार तळ्याचें पाणी सहस्रावधि अनुयायांसह प्राशन केलें, तें हक्काचें व माणुसकीचें पाणी होतें. २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत असलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट करण्यांत आली. कायद्यानें करावयाचें तें कायद्यानें केलें. उरलेलें घरच्या तांब्यानें करावयाचें आहे.

हीच भिंत एका घरांत, पतिपत्नींच्या मधोमधहि उभी राहूं शकते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाई कांहीं वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढें एकत्र आल्या तरी प्रथम त्यांचें सोंवळें व खाणेंपिणें निराळें होतें. हें अंतर कोणाच्या सक्तीनें मिटलें नाहीं. जातिभेद देवानें केलेला नसून माणसानें केलेला आहे, हें त्यांचें त्यांस उमगलें आणि त्यांनीं तो आपल्या हातानें सोडला. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रें' या त्यांच्या आत्मचरित्रांत ही सारी हकीकत मोकळ्या मनानें लिहिलेली आहे. ती वरच्या वर्गांतील प्रत्येक विद्यार्थ्यानें वाचावी.

आपल्या ख्रिस्ती समाजानेंहि येथें स्वतःस विचारावें. आमच्यांत पाणी निराळें नाहीं, असें आपण म्हणतों. पण सोयरिकीचें बोलणें निघालें कीं "मूळचे कोण?" हा प्रश्न दबक्या आवाजांत अजूनहि विचारला जातो. ज्या मंडळींत प्रभुभोजन एक आहे, त्या मंडळींत सोयरिकीचा तांब्या वेगळा असूं नये.

त्या शोमरोनी बाईविषयीं योहानानें एक लहान तपशील नोंदविला आहे. ती गांवांत धावली तेव्हां आपली घागर विहिरीवरच ठेवून गेली. भर उन्हांत ज्या कामासाठीं ती आली होती तेंच विसरावें, इतकें त्या एका मागण्यानें तिला माणूस म्हणून मोजलें होतें.

५. दिवा आणि केरसुणी

लूकाच्या १५ व्या अध्यायांत हरवल्याच्या गोष्टी आहेत. मेंढरूं रानांत हरवलें, धाकटा मुलगा परदेशांत हरवला. पण नाणें कोठें हरवलें? घरांतच. दहांपैकीं एक रुप्याचें नाणें जमिनीवर पडलें आणि तेथेंच अंधारांत राहिलें. आणि थोरल्या मुलाचेंहि तसेंच. तो बापाच्या शेतांत रोज राबत होता. तरी धाकटा परतल्यावर घरांत आनंद झाला तेव्हां तो दाराबाहेर उभा राहिला. रानांत हरवलेल्याला शोधावयास माणसें निघतात. घरांत हरवलेला मात्र जेवावयास ताटावर येतो, म्हणून तो हरवला आहे हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आज तर एका खोलींत चौघे बसलेले असतात आणि प्रत्येकजण आपल्या हातांतील मोबाइलच्या उजेडांत दुसऱ्याला दिसेनासा झालेला असतो.

त्या बाईनें काय केलें? दिवा लावला, घर झाडलें आणि सांपडेपर्यंत शोध सोडला नाहीं. दिवा लावणें म्हणजे आपल्या माणसाच्या तोंडाकडे नीट पाहणें. केरसुणी हातांत धरावयाची तर वांकावें लागतें. आपल्याच कोपऱ्यांतला केर, म्हणजे जुनी अढी, न केलेली विचारपूस, न मागितलेली क्षमा, आधीं बाहेर काढावा लागतो. नाणें बहुधा त्याच्याच खालीं असतें. आणि तें सांपडल्यावर तिनें त्यास एवढे दिवस कोठें होतास म्हणून दटाविलें नाहीं. मैत्रिणींस व शेजारणींस बोलावून आनंद केला.

अभ्यासासाठीं

वाचून झाल्यावर हा लेख मिटून ठेवूं नये. प्रत्येक विद्यार्थ्यानें पुढील चार प्रश्नांचीं उत्तरें आपल्यापुरतीं, दुसऱ्यास न दाखवितां, लिहून काढावीं.

(१) ज्या मित्राशीं हल्लीं वारंवार खटके उडतात, त्याच्या व माझ्या जात्यांत दाणा कोणता आहे? नसल्यास कोणता घालतां येईल?

(२) या महिन्यांत मीं कोणास बोललेलें सत्य दोऱ्यावांचून होतें?

(३) कोणाच्या हातचें पाणी, शब्दशः किंवा मनानें, मी अजून टाळतों?

(४) आमच्या घरांतच हरवलेलें माणूस कोण?

उत्तर सांपडलें तर त्यावर निबंध लिहिण्याची गरज नाहीं. घरीं जाऊन त्या माणसाजवळ बसावें, आणि त्याच्याकडे पेलाभर पाणी मागावें.